पाचवा मुद्दा

१४ जून

भाऊजी,

वर नमस्कार लिहायचा राहून गेला असं समजू नका. लिहिला नाही.

आज शाळेत नववीच्या सामाजिक शास्त्राच्या नव्या पुस्तकांचे गठ्ठे आले. दोरी मीच कापली. कव्हर चांगलं आहे, कागद गुळगुळीत, आणि लेखकांच्या यादीत तुमचं नाव बरंच वर सरकलंय. अभिनंदन. मग मी 'लोकशाहीतील हक्क' हा धडा उघडला आणि 'बसण्याचा हक्क' ही आपली दोन पानं शोधायला लागले. सापडेनात. वाटलं, बांधणीत गळली असतील, म्हणून दुसरी प्रत काढली, मग तिसरी. पानं गळलेली नव्हती, आटली होती. खाली कोपऱ्यात एक पिवळी चौकट, वर 'तुम्हांला माहीत आहे का?' आणि आत एवढंच: 'काचेच्या एका कारखान्यात दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या कामगारांनी बसण्यासाठी बाके मिळावीत म्हणून आंदोलन केले. त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. पुढे बाके मिळाली.'

मृत्यू झाला म्हणे. जुन्या पुस्तकात तुम्हीच लिहिलं होतं की सगळे फाटकासमोर रस्त्यावर बसले होते, की थांबू नकोस असं ड्रायव्हरला आतून सांगण्यात आलं, की माल भरलेला ट्रक बसलेल्या माणसांवर घातला गेला. ते वाक्यन् वाक्य खरं होतं, कारण तुम्ही तिथे होता. शाळेतून रजा काढून भावाशेजारी जाऊन बसला होता. आता दुधाचा दात पडावा तसा तुमच्या भावाचा मृत्यू आपला आपण झालाय.

तो कामगार माझा नवरा होता हे शाळेतल्या जुन्या लोकांना माहीत आहे. मुलांना माहीत नाही. आणि भिंगरीला तर नाहीच नाही. ती आता पाचवीत गेली. बाप गेला तेव्हा रांगत होती. तिला एवढंच सांगितलंय की बाबा कारखान्यात होते आणि ट्रकखाली गेले. पोरीला खरं का सांगत नाही म्हणून तुम्ही मागे मला चार शब्द सुनावले होतेत. त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही, आज देते. इतकी वर्षं फळ्यापुढे उभी राहून मला एक कळलंय. आई सांगते ते मुलांच्या लेखी गाऱ्हाणं असतं. पुस्तकात असतं ते खरं असतं. ती दोन पानं छापून आली तेव्हाच मी ठरवलं होतं, ही नववीत जाईल, सगळ्या वर्गाबरोबर ते पान वाचेल, आणि त्या दिवशी घरी आल्यावर मी सांगेन, हे तुझे बाबा. तुम्हीच म्हणाला होतात, वहिनी, पान सांभाळायची जबाबदारी माझी. जगात तुमच्याकडे आमचं तेवढं एकच काम होतं.

सासूबाईंनी विचारलं, "धाकट्याचं नवं पुस्तक आलं का गं?" मी नाही म्हणाले. त्यांना ती दोन पानं तोंडपाठ आहेत. त्यांच्यापुढे चौकट कुठल्या तोंडाने धरू?

वहिनी


२ ऑगस्ट

भाऊजी,

पत्र मिळालं. पाठ्यपुस्तक मंडळाच्या छापील कागदावर लिहिलंत, वर बोधचिन्ह, डावीकडे जावक क्रमांक. घरच्या पत्राला जावक क्रमांक देतात हे मला नवीन आहे. उत्तरात तो नमूद करायचा असेल तर कळवा.

पानांची मर्यादा होती, मुलांवरचं ओझं कमी करायचं होतं, मजकुराचा समतोल राखायचा होता. हे सगळं कळलं. 'उलट चौकटच मुलं आधी वाचतात, त्यामुळे फायदाच झाला' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही शाळा सोडून मंडळात गेलात त्याला बराच काळ लोटला, म्हणून सांगते. काल मी तो धडा घेतला. चौकटीशी आले तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, चौकट परीक्षेला आहे का?" आहे म्हटल्यावर पेन्सिली बाहेर आल्या. नाही म्हटलं असतं तर दप्तरं आवरली असती.

एक मुलगी उभी राहिली. तिची आई त्याच कारखान्यात बाटल्या तपासायला असते. म्हणाली, "बाई, ती बाकं मालकाने आपणहून दिली. आई म्हणते मालक दिलदार आहे." वर्गाने माना डोलावल्या. मीही पुढच्या परिच्छेदाकडे वळले. काय करणार होते? आता पुस्तक तिच्या बाजूने होतं.

भिंगरी नववीत येईपर्यंत चौकट तरी हलणार नाही असं तुम्ही लिहिलंय. ठीक आहे. चौकट तर चौकट. दोन पानांत न मावलेला माणूस तीन ओळींत बसवून घेईन मी. पण यापुढे हात लावू नका.

तुमची आई विचारते, येणार कधी. मी सांगते, कामं असतात त्यांना.

वहिनी


२० जून

भाऊजी,

दोन वर्षं मी लिहिलं नाही आणि तुमचेही हात काही लिहायला शिवशिवले नाहीत. आज लिहिते कारण पुस्तकाची नवी छपाई आली. चौकट जागेवर आहे. शब्द तेच आहेत. तुम्ही वचन पाळलंत. फक्त खाली बारीक तिरप्या अक्षरांत एक ओळ आली आहे: 'चौकटीतील मजकूर मूल्यमापनासाठी नाही.'

त्या ओळीने काय होतं ते तुम्हाला नक्की माहीत आहे. म्हणूनच ती इतकी बारीक छापली. वर्गात मी 'आता चौकट' म्हणाले आणि एकजण खालची ओळ मोठ्याने वाचून मोकळा झाला. बाकीच्यांनी पान उलटलं. त्यांचा काय दोष? परीक्षेला नाही ते वाचायचं नाही, हे आपणच त्यांच्या हाडीमांसी भिनवलंय.

या वेळी सासूबाईंपासून लपवलं नाही. त्यांना आता कमी दिसतं, म्हणून वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"म्हणजे हे वाचलं नाही तरी चालतं?"

"चालतं."

"मग छापलंय कशाला? कागद उरला होता का?"

याचं उत्तर मंडळाने द्यावं.

आणखी एक. भिंगरीच्या वाढदिवसाला तुम्ही नकाशांचं मोठं पुस्तक पाठवलंत. ते मी कपाटावर ठेवून दिलं होतं. तिने स्टूल घेऊन काढलं, आणि आता जेवतानासुद्धा खंड आणि समुद्र चालू असतात. तुम्हाला तिने आभाराचं पत्र परस्पर लिहिलं, आणि तुम्ही उत्तरही दिलंत, हे मला पोस्टमनकडून कळलं. त्या उत्तराला जावक क्रमांक नव्हता म्हणे. तेही चालवून घेतलं. परवा मात्र तिने पुस्तकातली लेखकांची यादी माझ्यापुढे धरली. "काकांचं नाव किती मोठ्या लोकांबरोबर आहे बघ. आपल्या घरात कोणाचंच नाव कुठे छापलेलं नाही, नाही का गं?" मी पोळपाट पुसत राहिले. ती उत्तराची वाट बघत बराच वेळ उभी होती. मग गेली.

पुस्तक परत पाठवणार नाही. पोरीने काय बिघडवलंय?

वहिनी


९ मार्च

भाऊजी,

वर्तमानपत्रात फोटो पाहिला. विषय समितीचे अध्यक्ष. मधली खुर्ची. सासूबाईंनी कात्रण उशाखाली ठेवलंय, भिंगरीने शाळेत नेऊन दाखवलं. मी एकटीच घरात आंबट तोंड करून बसले होते, असं तुमची पुतणी म्हणते.

मागण्यासाठी लिहिते आहे, तेव्हा सरळ मागते. येत्या जूनमध्ये ती नववीत जाईल आणि त्याआधी तुमच्या अध्यक्षतेखाली पुस्तक नव्याने लिहिलं जाईल. आता कोणी वरून सांगितलं म्हणून काखा वर करता येणार नाहीत, वर तुम्हीच आहात. मला दोन पानं नकोत, चौकट नको, चित्र नको. एक ओळ हवी. धड्याच्या आत, परीक्षेला असलेली. बसण्याचा हक्क मागणाऱ्या माणसांवर ट्रक घातला आणि एक माणूस गेला. नावही नको. एवढं वाक्य तिच्या पुस्तकात असलं की बाकीचं मी बघेन.

तुम्हाला वाटत असेल, वहिनी तोंडाने बोलते आणि आतून दुसरंच काही धरून बसली आहे. तसं नाही. ट्रक सुरू झाल्यावर तुम्ही उठलात, त्याबद्दल मी आजवर तुम्हाला एक शब्द बोललेले नाही. आताही बोलत नाही. उठणं शहाणपणाचं होतं. बाकीचेही उठले.

एक ओळ, भाऊजी. तुमच्या खुर्चीला तेवढं जड नाही.

वहिनी


१६ जून

भाऊजी,

धडाच नाही.

अनुक्रमणिका वरून खाली आणि खालून वर वाचली. 'लोकशाहीतील हक्क' आता 'नागरिकांची कर्तव्ये' झालंय. भिंगरीने टेबलावर बसून सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, त्यालाही घातलं, आणि तुमचं नाव असलेल्या पानावर कडेने फुलं काढली. मी समोर बसून बघत होते.

काही लिहू नका. वाचायची ताकद नाही.


११ जुलै

भाऊजी,

लिहू नका म्हटलं तरी लिहिलंत. हाताने, साध्या कागदावर. अक्षर अजून थोरल्या भावासारखं, दादांसारखं काढता.

सारांश असा, की धडा काढायचं वरून आलं. तुमच्याही वर कोणीतरी असतंच, हे मी विसरले होते. तुम्ही बैठकीत वाद घातला नाहीत, कारण घालून उपयोग नव्हता. पण तुम्ही एक युक्ती केलीत. धड्याचा मजकूर सगळे डोळ्यांत तेल घालून तपासतात, मागचा स्वाध्याय कोणी बघत नाही. म्हणून तुम्ही दादांना स्वाध्यायात नेऊन ठेवलंत, कर्तव्यांच्या धड्याखाली, शेवटच्या प्रश्नात. 'एका कारखान्यातील कामगार बसण्यासाठी बाके मिळावीत म्हणून रस्त्यावर बसले. मालवाहू ट्रकखाली सापडून त्यांतील एकाचा मृत्यू झाला. या प्रसंगाबद्दल तुमचे मत लिहा.' भिंगरी विचार करेल, वर्ग चर्चा करेल, कोणीतरी विचारेल ट्रक थांबला का नाही. असा तुमचा हिशेब होता.

पुस्तकात तो प्रश्न काय आहे ते तुम्ही छापून आल्यावर पाहिलंत का? मी उतरवते. 'या प्रसंगात कोणकोणत्या नागरी कर्तव्यांचे उल्लंघन झाले ते मुद्देसूद लिहा. (गुण ४)'

तुम्ही म्हणता संपादकांनी परस्पर बदललं. अहो, बदलणारच. तुम्ही आयुष्यभर पुस्तकं लिहिलीत आणि प्रश्नाचं काय होतं हेच विसरलात. धडा नुसता वाचून सोडता येतो. प्रश्नाला गुण असतात. गुण आले की तपासनीस आला, तपासनीस आला की त्याला एकच एक उत्तर लागतं. 'तुमचे मत' तपासायचं कसं? म्हणून ते खोडलं. आणि शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत नमुना उत्तर आलं, तेही कर्तव्यांच्या धड्याला शोभेल असं. एक, वाहतुकीस अडथळा. दोन, स्वतःच्या जीविताविषयी बेफिकिरी. तीन, मागण्या योग्य मार्गाने न मांडणे. चार, उत्पादनात खंड पाडून देशाचे नुकसान.

चौकटीत ठेवलं असतंत, मूल्यमापनाला नाही म्हणून लोकांनी पान उलटलं असतं, तेसुद्धा चाललं असतं. तुम्ही त्यांना लपवायला गेलात आणि आरोपी करून उभं केलंत. आता दरवर्षी नववीची झाडून सगळी मुलं तुमच्या भावाचे चार गुन्हे पाठ करतील, आणि ज्याला चारही आठवतील तो हुशार.

मी माझ्या तुकडीत तो प्रश्न घेतला नाही. मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. वाईट बाई नाहीत त्या. म्हणाल्या, "तुमचं दुःख मला कळतं हो. पण सहामाहीचा पेपर सगळ्या शाळांना एकच येतो. प्रश्न आला तर पोरांनी काय करायचं?" मग घेतला. फळ्यावर चार मुद्दे लिहिले. वळणदार अक्षरात लिहिले, मुलांना उतरवायला सोपं जावं म्हणून.

भिंगरी दुसऱ्या तुकडीत आहे. आईच्या वर्गात मूल ठेवत नाहीत. तिला भूगोलवाले सर शिकवतात. ते गेल्याच वर्षी बदलून आलेत, त्यांना आमचं काही ठाऊक नाही.

वहिनी


२८ ऑक्टोबर

भाऊजी,

सहामाही झाली. प्रश्न आला होता.

आज मधल्या सुट्टीत भूगोलवाले सर शिक्षकखोलीत माझ्यासमोर येऊन बसले. हातात एकच उत्तरपत्रिका. चेहरा असा, की जणू घरात काही चांगलं घडलंय. "बाई, तुमच्या मुलीचं कौतुक करायला आलोय. शेवटचा प्रश्न बघा. सगळ्या वर्गाने चार मुद्दे लिहिलेत, घोकलेले. हिने पाचवा लिहिलाय, स्वतःचा. हस्तपुस्तिकेतसुद्धा नाही. मी वर्गात वाचून दाखवला." मग म्हणाले, "चारच गुण आहेत हो, नाहीतर पाच दिले असते."

मी वाचला. तुमच्यासाठी शब्द न बदलता लिहिते. 'मुद्दा ५. ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याने ट्रक येताना दिसल्यावर उठायला हवे होते. बाकीचे उठले. मुलाला वडील असणे हा मुलाचा हक्क आहे आणि तो सांभाळणे हे वडिलांचे कर्तव्य आहे. त्यांनी ते पाळले नाही.'

समासात मोठी बरोबरची खूण, आणि लाल शाईत 'उत्तम विचार'.

सरांना मी छान म्हणाले. सुट्टी संपल्यावर दोन तास घेतले, त्यातला एक हवामानावर होता. घरी आले. ती टेबलाशी नकाशा रंगवत होती. सासूबाई पलंगावर बसून होत्या. मी चप्पल न काढताच विचारलं,

"तो प्रश्न कोणाबद्दल आहे, तुला माहीत आहे?"

"बाबांबद्दल." तिने मान वर केली नाही.

"कोणी सांगितलं?"

"आजीने. मी सहावीत होते तेव्हा. जुन्या पुस्तकातली दोन्ही पानं म्हणून दाखवली तिने. मी मग रोज म्हणायला लावायचे."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतेस? पोरीने विचारलं, मी सांगितलं. तुझं आणि धाकट्याचं काय ते पुस्तकाचं चाललं होतं, ते संपायची वाट बघत बसले असते तर मीच संपले असते."

"मला का नाही बोललीस?" मी भिंगरीला विचारलं.

"तू सांगशील म्हणून थांबले होते. काकांनाही पत्रात विचारलं होतं, त्या दिवशी काय झालं म्हणून. त्यांनी नद्यांबद्दल लिहिलं."

हे तुम्ही मला कळवलं नव्हतंत. असो.

मी म्हणाले, "सगळं माहीत असून असं लिहिलंस? बाबांबद्दल?"

तेव्हा तिने ब्रश पाण्यात ठेवला. "पहिले चार पुस्तकातले आहेत, ते गुणांसाठी लिहिले. ते खोटे आहेत हे मला कळतं. मी काही बावळट नाही. पाचवा मला वाटतो तो लिहिला. तो खोटा आहे का, आई?"

मी आता चप्पल काढली.

"काका शेजारी होते. ते उठले. सगळे उठले. बाबा का नाही उठले?"

सासूबाईंच्या दोन पानांत त्याचं उत्तर नाही.

भाऊजी, तो मुद्दा वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण तो माझा आहे. ते गेल्यापासून मी तो भाजी चिरताना, वह्या तपासताना, तिची वेणी घालताना मनातल्या मनात लिहीत आले, आणि कोणाला दाखवला नाही. घरात रांगतं मूल ठेवून हा माणूस अंगावर येणारा ट्रक बघत बसतो म्हणजे काय? जिचा नवरा धड्यात आहे त्या बाईला असं बोलायची सोय नसते. लोक येऊन सांगत, धन्य आहे त्यांची, आणि मी मान हलवत असे. तुमची दोन पानं मला इतकी हवी होती ती फक्त भिंगरीसाठी नव्हे. ती होती तोवर मला हा प्रश्न विचारावा लागत नव्हता. आता पोरीने तो शाईने लिहिलाय आणि वर बरोबरची खूण आली आहे.

मला तिला उत्तर देता येत नाही. मी फाटकावर नव्हते. का नाही उठले हे सांगू शकेल असा एकच माणूस आहे, त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलेला. पाय बधिर झाले होते का, ड्रायव्हर ओळखीचा होता म्हणून थांबेल असं वाटलं का, की त्यांना घराचं काही आठवलंच नाही. तुम्ही त्या पानांत घोषणा लिहिल्यात, मागण्या लिहिल्यात, फाटकाचा रंगसुद्धा लिहिलात. तुम्ही उठताना ते तुमच्याकडे बघून काय म्हणाले, ते लिहिलं नाहीत. काहीतरी म्हणाले असतील. गप्प बसणारा माणूस नव्हता तो.

तेव्हा पुस्तकात आता काही घालू नका. ओळ नको, प्रश्न नको, पुढच्या छपाईत दुरुस्तीही नको. त्या बाबतीत मी तुम्हाला मोकळं केलं. तुम्ही इथे या. रविवारी ती घरी असते. मी दार उघडीन, पाणी देईन आणि आतल्या खोलीत जाऊन बसेन. मला काही सांगू नका, माफी तर मुळीच मागू नका. तिच्यासमोर बसा आणि तिने विचारलंय त्याचं उत्तर द्या. आपण का उठलो तेही सांगा. त्याने तिच्या मनातून तुम्ही उतराल, त्याला माझा इलाज नाही. ते उत्तर तिच्या बाबांच्या बाजूचं असेलच असं मी धरून चाललेली नाही. ते वाईट निघालं तरी तिला हवंय, आणि मलाही.

आला नाहीत तर मी पुन्हा लिहिणार नाही. मग तिच्याकडे बापाबद्दल तो पाचवा मुद्दा तेवढा राहील, आणि मी तो खोडणार नाही.

वहिनी